ज्यूद्वेषाची व्याख्या : केली मोजायला, वापरली धाकाला

आपल्याकडे अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बेने इस्रायली, म्हणजे आपले ‘शनिवार तेली’, शेकडो वर्षं शेजारी म्हणून राहिले. त्यामुळे ‘ज्यूद्वेष’ हा शब्द आपल्याला पुस्तकातला वाटतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत तसं नाही. तिथला सध्याचा वाद समजायचा तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

१९२२ मध्ये हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी पाचव्या हिश्श्याच्या वर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्या संख्येला लगाम घालायचं ठरवलं. उघड कोटा प्राध्यापकांनी मानला नाही. मग ‘चारित्र्य’ वगैरे निकष लावून मागच्या दाराने तेच केलं गेलं. तेव्हा ज्यू विद्यार्थ्यांची भीती काही हवेतली नाही.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण, मूळ देश यावरून भेदभाव करायला बंदी केली. त्यात धर्म नव्हता. ज्यूंना वंशपरंपरेच्या आधारावर संरक्षण मिळू लागलं ते बरंच नंतर.

दुसरी बाजूही तितकीच जुनी. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझी टोळक्याला मोर्चा काढायचा होता. गावात हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसं राहत होती. तरी नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी एसीएलयू ही संस्था मोर्च्याच्या हक्कासाठी कोर्टात उभी राहिली. तिचे प्रमुख आर्ये नायर हे स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू, लहानपणी जर्मनीतून निसटलेले. हजारो सभासद संस्था सोडून गेले, पण खटला जिंकला.

आता व्याख्येकडे येऊ. २००४-०५ मध्ये केनेथ स्टर्न यांच्या पुढाकाराने ज्यूद्वेषाची एक कामचलाऊ व्याख्या तयार झाली. हेतू साधा होता : युरोपात अशा घटनांची नोंद एकसारखी व्हावी. २०१६ मध्ये आयएचआरए या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती स्वीकारली, तीही कायद्याने बंधनकारक नाही असं लिहून. इतर देशांवर होते तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नाही, असंही त्यात आहे. पण सोबतच्या ११ उदाहरणांतली बरीचशी इस्रायलबद्दलचीच. घोळ तिथेच आहे.

२०१९ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून ही व्याख्या विद्यापीठांच्या चौकशीत आणली. १ मे २०२४ ला अमेरिकी प्रतिनिधीगृहाने तिला कायद्यात बसवणारं विधेयक ३२० विरुद्ध ९१ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं. आणि गंमत बघा, विद्यापीठात बोलण्यावर पहारा ठेवायला ही व्याख्या वापरू नका, हे स्टर्न स्वतः वर्षानुवर्षं सांगतायत. ते स्वतःला झायोनिस्ट म्हणवतात, हेही लक्षात घ्या.

दोन घटना शेजारी ठेवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉर्नेलच्या एका विद्यार्थ्याने ज्यू विद्यार्थ्यांना ठार मारण्याच्या धमक्या ऑनलाइन टाकल्या. लगेच अटक झाली, पुढे २१ महिन्यांची शिक्षा. जुना कायदा पुरला. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचललं. ज्यूद्वेषाविरुद्धच्या मोहिमेत तिचा व्हिसा रद्द झाला होता. आरोप हमासला पाठिंब्याचा, पण कोर्टापुढे पुरावा काय, तर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात इतरांसोबत लिहिलेला एक लेख! सहा आठवड्यांहून जास्त कोठडीत राहिल्यावर न्यायाधीशांनी तिला सोडलं.

वर्तमानपत्रात लिहून पोट भरणारा माणूस म्हणून मला ही दुसरी घटना झोंबते. धमकी, मारहाण, वर्गाची वाट अडवणं यांना शिक्षा झालीच पाहिजे, आणि विद्यापीठांनी ती टाळली असेल तर त्यांनाही जाब विचारा. पण मत चुकीचं, कडू, अगदी संतापजनक असलं तरी त्याला उत्तर मतानेच द्यावं. आपल्या गावांतली कितीतरी पोरं आज तिथे व्हिसावर शिकतायत. लेख लिहायच्या आधी त्यांना वकिलाला विचारावं लागत असेल, तर त्याने एकाही ज्यू विद्यार्थ्याचं संरक्षण होत नाही.

तुम्हाला काय वाटतं? वेगळं मत असेल तर बिनधास्त लिहा.