शिक्षणातला खंड

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडे मी आणि माझी थोरली बहीण, आमची आक्का, बसलो होतो. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र हवे होते. असला मजकूर या लोकांकडे तयारच असतो, नाव आणि साल तेवढे भरायचे. त्याने भरले. सन २००६ ते २०२३ या काळात मी घरीच होते, सबब माझ्या शिक्षणात खंड पडला आहे. आक्काने कागद वाचला आणि परत सरकवला.

"घरी नव्हते दादा. दवाखान्यात होते."

"मॅडम, त्यानं काय फरक पडतो? खंड तो खंडच."

शेवटी 'घरीच होते' हे शब्द निघाले. 'खंड' राहिला.

मी इतिहास शिकवतो, तोही तासिका तत्त्वावर, म्हणजे किती तास घेतले त्यावर पगार. शब्दाचा माग काढायची खोड या धंद्याने लावली आहे. सतरा वर्षे रात्रपाळ्या केलेली, बाळंतपणे केलेली, करोनाच्या वॉर्डात उभी राहिलेली बाई कोणत्या हिशेबाने शिक्षणाच्या बाहेर धरली जाते? कारकुनाचा दोष काढून हा प्रश्न सुटत नाही. हा हिशेब कारकुनाच्या जन्माआधी मांडलेला आहे.

आधी घरातले सांगतो. २००९ साली मी बी.ए. झालो तेव्हा वस्तीवर माझा सत्कार झाला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हार, नारळ, भाषणे. माझी फी, खोलीभाडे, मेसचे पैसे हे सगळे आक्काने तेव्हाच्या औरंगाबादेतल्या एका खासगी इस्पितळातून पाठवलेले होते. त्या दिवशी तिला नाइट ड्यूटी होती, म्हणून ती आली नाही. तीही माझ्याआधी साडेतीन वर्षे शिकलेली होती, पण ते 'कोर्स केला' या सदरात मोडत होते. पहिला पदवीधर मी. ही पदवी मी पुढे अनेक सभांत मिरवली आहे, आणि आज ते लिहिताना संकोच वाटतो.

आता थोडे मागे जाऊ. माझी आजी गावची सुईण होती. गावगाड्यात बाळंतपण करणे, नाळ तोडणे, विटाळाचे कपडे धुणे ही कामे बहुतेक ठिकाणी मांगाच्या बाईकडे. नाळ तोडली की काम संपले. पायली-दोन पायली जोंधळे, जुनेर, कधी खोबऱ्याची वाटी. ज्या घरातले मूल तिच्या हातावर पहिल्यांदा रडले, त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर तिला बारशाच्या दिवशी थांबावे लागे. आडवे आलेले मूल कसे फिरवायचे हे तिला ठाऊक होते. पण त्या ठाऊक असण्याला ज्ञान म्हणायची पद्धत नव्हती. ज्ञान पोथीत असते, हाताला असतो तो विटाळ. आमच्या देशातली श्रमाची आणि विद्येची फाळणी ती हीच, आणि बाईच्या देहाशी संबंध आला की ती अधिकच क्रूर होते.

या फाळणीला पहिला छेद दिला तो फुले दांपत्याने. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली झाली. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंतरावांनी हडपसरजवळच्या माळावर उघडलेल्या दवाखान्यात त्या रोगी घेऊन येत होत्या, आणि त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुलींच्या पहिल्या शिक्षिका म्हणून आपण त्यांची जयंती करतो, ते योग्यच आहे. मात्र त्यांचा शेवट शुश्रूषेत झाला, ही गोष्ट आमच्या भाषणांत एका वाक्यात उरकली जाते. शाळेची पाटी दिसते, रोग्याची पाठ पुसणारा हात दिसत नाही.

इकडे लंडनला १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून सेंट थॉमस इस्पितळात परिचर्येची शाळा निघाली. आधुनिक परिचर्येचा पाया तो. पण या पद्धतीने एक वळणही लावून दिले. शाळा इस्पितळाच्या पोटात, आणि शिकणारी मुलगी हीच वॉर्डातली राबणारी. तिच्या शिकण्याचे तास आणि राबण्याचे तास वेगळे काढता येत नाहीत. जगभर हे वळण पसरले, कारण इस्पितळांना ते स्वस्त पडत होते. डॉक्टर विद्यापीठात घडू लागला आणि परिचारिका वॉर्डात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९०९ साली परिचर्येची शाळा आपल्या छत्राखाली घेतली, तेव्हा कुठे या भिंतीला भोक पडले. त्याच अमेरिकेत काळ्या स्त्रियांना निराळीच भिंत होती. मेरी एलिझा महोनी ही १८७९ साली बोस्टनमध्ये प्रशिक्षण पूर्ण करणारी पहिली काळी परिचारिका. पण १९०८ साली काळ्या परिचारिकांना आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढावी लागली, आणि ती मुख्य संघटनेत विलीन व्हायला १९५१ साल उजाडले. काळ्यांच्या कवितेचे आपल्याकडे पुष्कळ स्वागत झाले. त्यांच्या परिचारिकांचा हा झगडा आपल्या वाचनात फारसा आला नाही.

आपल्याकडे सवर्ण घरांना परक्याच्या देहाला हात लावण्याची किळस होती, आणि त्या किळसेला धर्माचा आधार होता. पुण्यात १९०९ साली सेवासदन काढल्यावर रमाबाई रानडे यांनी विधवांना परिचर्या शिकायला ससूनमध्ये पाठवले, ते त्या काळी धाडसच होते. तोवर हे काम मिशनच्या दवाखान्यांत ख्रिस्ती बाया करत होत्या. त्यांतल्या अनेकींचे मूळ आपल्याच वस्त्यांत होते. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले, ते मांग-महार कुटुंबांना घेऊनच. आष्टी-पाटोद्याकडचे आमचे लोक दुखणे विकोपाला गेले की नगरचे बूथ हॉस्पिटल गाठत, आणि तिथल्या सिस्टरचे नाव पिढ्यान्‌पिढ्या काढत. सुईण आणि सिस्टर यांच्यातले अंतर गणवेशाचे होते. जात मात्र पुष्कळदा एकच.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. साऱ्या हिंदुस्थानात नोंदलेल्या परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने ५०० लोकांमागे एक हे ध्येय ठेवले आणि परिचारिकांच्या कामाच्या परिस्थितीबद्दल कडक शब्दांत लिहिले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या अखेरीस परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पण देशाला परिचारिका हजारोंनी हव्या होत्या आणि महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा पदविका हाच राजरस्ता राहिला आणि पदवी हा शिखरावरचा बंगला. पदविकेवाल्यांसाठी जिना बांधला गेला तो १९६३ साली त्रिवेंद्रमला : आधीच नोंदणीकृत असलेल्या परिचारिकेसाठी दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले.

आमचा बीड जिल्हा तेव्हा कुठे होता? १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९५८ साली. बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले ते १९५० साली, म्हणजे विद्यापीठाच्याही आधी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले १९७४ साली. जिल्ह्यातल्या आमच्या पोरींनी पांढरा गणवेश जवळून पाहिला तो तिथे. १९९८ साली नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि परिचर्येच्या पदव्या त्याच्या कक्षेत आल्या. १९९४ च्या सुमारास इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने ही पदवी देऊ केली होती. पण तिचे केंद्र, तिचा इंग्रजी मजकूर आणि सुटीचा अर्ज या तीन गोष्टी एकदम जमवणे गावाकडच्या बाईच्या आवाक्यातले नव्हते.

कुणी विचारेल, आक्काने बारावीनंतर सरळ चार वर्षांची पदवीच का घेतली नाही? उत्तर सोपे आहे. सरळ पदवीला बारावी विज्ञान लागते, भौतिक, रसायन, जीवशास्त्रासह. आमच्या गावच्या कॉलेजात कला शाखा होती. माय-बाप कोयत्यावर, दिवाळी झाली की कारखान्याच्या वाटेवर, आणि आक्काने स्वतः दोन हंगाम मोळ्या बांधलेल्या. कलावाल्या मुलीला जी.एन.एम.ची पदविका घेता येते, तिने ती घेतली. आता बेरीज पाहा. सरळ पदवी चार वर्षे. हिची साडेतीन अधिक दोन, साडेपाच वर्षे, मध्ये सतरा वर्षांचा अनुभव, आणि शेवटी पदवी तीच. जिथे विज्ञान शाखा नाही त्या गावात जन्मल्याचा हा दीड वर्षाचा दंड आहे.

आणि पदवीवाचून अडते कुठे? परिचर्या शिकवायची, तर पदवी लागते. पुढे एम.एस्सी. करायचे, तर पदवी लागते. नसेल तर बाई आयुष्यभर वॉर्डात. तिच्या हाताखाली सलाइन लावायला शिकलेली मुलगी पाच वर्षांनी तिची वरिष्ठ होऊन येते. आक्काच्या बाबतीत हे दोनदा झाले. "पोरगी हुशार हाय," ती म्हणायची, "पण सही तिची, हात माझा."

परत शिकायचे तर वेळ कोणी द्यायचा? सरकारी नियमात अध्ययन रजा आहे, पण ती कायम नोकरी असलेल्यांना, काही वर्षांच्या सेवेनंतर. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले, आणि त्यापाठोपाठ आमच्या मुलींना मिळाल्या त्या अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटी नेमणुका. कंत्राटाला कसली अध्ययन रजा? आक्काने राजीनामा दिला. शिष्यवृत्तीचा नियम म्हणतो, पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला शिष्यवृत्ती नाही, बिनपगारी रजा घेतली असेल तर चालेल. आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दाजींच्या पगाराने ती ओलांडली. फ्रीशिपमध्ये फी सुटली, निर्वाह भत्ता नाही. म्हणजे जिने कमावून भावाला शिकवले, तिला शिकायचे झाले तर कमाई सोडावी लागते, आणि आधी कमावले म्हणून घर चालवायला काही मिळत नाही.

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते, की बाळंतपणाच्या काळात आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही सोसला पाहिजे. कामकरी बाईचा वेळ हा तिचा खासगी प्रश्न नव्हे, असा तो विचार. परिचारिकेच्या शिकण्याच्या वेळेला तो लावून पाहिला तर काय दिसते? तिच्या शिकण्याचा लाभ सगळ्या दवाखान्याला, खर्च एकट्या तिच्या चुलीला.

आणि खंडाचेच म्हणाल तर बाबासाहेबांच्या शिक्षणातही खंड आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली ते लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे जमवले, शाहू महाराजांचे आणि मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. घेतली. मधली तीन वर्षे ते शिक्षणाबाहेर होते असे म्हणायला आपल्यातला एकही माणूस धजणार नाही. त्या वर्षांत घर कुणी आणि कसे चालवले, हे रमाईंच्या संदर्भात आपल्याला ठाऊक आहे.

आक्काचा वर्ग आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याबरोबर तेवीस-चोवीस वर्षांच्या मुली आहेत, त्या तिला मावशी म्हणतात आणि प्रात्यक्षिकाला तिच्या मागे उभ्या राहतात. पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्राने आणि इंग्रजीने तिला रडवले. रात्री फोन यायचा, "बापू, ह्या शब्दाचं स्पेलिंग सांग." दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्र आहे. एक दिवस तिने नोट्स वाचून दाखवल्या. जातिव्यवस्थेचे फायदे, पाच मुद्दे, नंतर तोटे, पाच मुद्दे. फायद्यांत श्रमविभागणी पहिली. मी चिडलो, म्हणालो, हे लिहू नकोस. ती हसली. "लिहिते की. पाच मार्क हायेत. आजीची श्रमविभागणी मला पाठ हाय."

याच वर्षी संशोधन आणि संख्याशास्त्र आहे, आणि गटाने एक छोटा प्रकल्प करायचा असतो. वॉर्डात दाखल बायांना प्रश्नावली द्यायची असे बाकीच्या मुलींचे म्हणणे होते, नमुना आयता मिळतो. आक्काने ऊसतोड बायांचा विषय धरला. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या, हे २०१९ साली सरकारी समितीपुढे आले तेव्हा वर्तमानपत्रांनी महिनाभर लिहिले. आक्काला आकडा नवा नव्हता. त्यातल्या काही जणी तिच्याच हाताखालून ऑपरेशन टेबलावर गेल्या होत्या. कागदावर सही करताना त्या तिच्याकडे बघत, आणि तिला बोलायचा अधिकार नव्हता. आता तिला त्यांना विचारायचे आहे, तुम्हाला काय सांगितले होते? कुणी सांगितले होते? दुसऱ्या डॉक्टरला दाखवले होते का? प्रश्नावली तिने मराठीत केली, मग आमच्या बोलीत केली, मग गटातल्या मुलींकडून इंग्रजीत.

अडचण वेळापत्रकाची आहे. प्रकल्प मार्चअखेर द्यायचा, आणि त्या बाया दिवाळीपासून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. कोयते परततात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या मागेपुढे. विद्यापीठाच्या कॅलेंडरमध्ये हा हंगाम कुठेच नाही. मार्गदर्शक बाईंनी विषय बदलायला सुचवले. आक्काने तीन आठवड्यांची मुदत मागणारा अर्ज लिहिला आहे. कारणाच्या रकान्यात तिने काय लिहावे म्हणून मला विचारले, आणि मी काही सुचवायच्या आत स्वतःच लिहिले : माहिती देणाऱ्या स्त्रिया कामावर गेलेल्या आहेत.