पहिलं वर्ष

मंडळी, गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काका, जरा बोलायचं होतं." हा मुलगा एरवी गणपतीला आणि दिवाळीला, असा वर्षातून दोनदाच फोन करतो, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे लगेच लक्षात आलं. त्याचा मुलगा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला चार विषय राहिले. महिनाभर त्याने ते घरी सांगितलंच नाही आणि आता म्हणतो, कॉलेज सोडतो.

मी म्हटलं, "त्याला आठ दिवस माझ्याकडे पाठव. रागावून पाठवू नकोस, नुसता पाठव."

तो आला. दोन दिवस मी अभ्यासाचं नावही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना आपणहून म्हणाला, "आजोबा, मला त्यातलं काही कळतच नाही. बाकी सगळ्यांना कळतं." मग मी त्याला काही जुन्या गोष्टी सांगितल्या. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, दुसरं काय सांगणार! त्याच आज इथे लिहून काढतो आहे.

पहिली गोष्ट लोकमान्यांची. टिळक 1873 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले आणि पहिलं वर्ष त्यांनी चक्क व्यायामात घालवलं. तालीम, पोहणं आणि भरपूर आहार. परीक्षेत नापास झाले. पुढे मात्र बी.ए.ला पहिला वर्ग मिळवला आणि गणितात नाव कमावलं. ही गोष्ट आपण मुलांना नेहमी हसत हसत सांगतो. पण एक लक्षात घ्या, वर्ष वाया गेलं तरी टिळकांना परत त्याच बाकावर बसता आलं. ती सोय सगळ्यांना नसते.

दुसरी गांधीजींची. 1888 च्या जानेवारीत ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. मुंबईपेक्षा भावनगर स्वस्त म्हणून तिथे. शिकवणं इंग्रजीतून. व्याख्यानांत काय चाललंय हेच त्यांना कळेना. एक टर्म कशीबशी काढून ते घरी परतले. आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिलं आहे, आणि दोष प्राध्यापकांना दिलेला नाही, आपल्याच कच्चेपणाला दिला आहे. पुढे मावजी दवे नावाच्या कुटुंबाच्या स्नेह्यांनी विलायतेला जाऊन बॅरिस्टर होण्याचा मार्ग सुचवला. म्हणजे एक दार बंद झालं तेव्हा दुसरं दाखवणारं कोणीतरी घरात येऊन बसलं होतं.

तिसरी गोष्ट रामानुजन यांची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. 1904 साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन गेलेला हा मुलगा गणिताखेरीज कशाकडे बघेना. इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. घरची गरिबी. 1905 साली न सांगता घरातून निघून गेला. पुढे मद्रासला पच्चैयप्पा कॉलेजात पुन्हा नाव घातलं, पण एफ.ए.ची परीक्षा काही सुटली नाही, दोनदा नापास. शेवटी 1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली. त्यानंतर हार्डींना पत्र, केंब्रिज, 1918 साली रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, हे सगळं आपल्याला माहीत आहे. 1920 साली, वयाच्या 32 व्या वर्षी ते गेले. त्यांच्यासारखी बुद्धी लाखात एकालाही नसते. मग नुसत्या साध्या बुद्धीची, पण अशीच अडखळलेली किती मुलं गेली असतील, त्यांचा इतिहास कोण लिहिणार?

हा प्रश्न ज्यांना खरोखर पडला त्यांत आमच्या सातारा भागातले कर्मवीर भाऊराव पाटील होते. स्वतःचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पुरं झालेलं नव्हतं. 1919 साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. मुलांनी शेतात राबायचं, बांधकामावर राबायचं आणि त्यातून शिकायचं. अण्णांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. खेड्यातला मुलगा कॉलेज सोडतो तो नेहमी डोकं कमी म्हणून सोडत नाही. मेसचं बिल थकलेलं असतं म्हणूनही सोडतो. 1959 साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी मे महिन्यात अण्णा गेले.

तिकडे औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं. ते राज्य 1948 साली संपलं आणि कॉलेजची भाषा इंग्रजी झाली. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांचं काय झालं असेल! पुण्यात 1955 साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती सुरू केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय व्हावी म्हणून. एकूण काय, पैसा, भाषा आणि राहायला जागा, या तीन ठिकाणी पोरं गळतात हे त्या पिढीने बरोबर हेरलं होतं.

आता चौथं ठिकाण सांगतो. ते मी स्वतः पाहिलं आहे.

1967 साली अकरावी एस.एस.सी. होऊन मी कॉलेजात गेलो. गावाकडून आणलेली एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी, एवढा संसार. होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं. वर्गात सर इंग्रजीतून बोलत आणि मी फळ्यावरचं तेवढं उतरवून घेई. मला वाटायचं, सगळ्यांना कळतंय, मलाच कळत नाही. (नातवाचं वाक्य ऐकून मी का दचकलो ते आता कळलं असेल.) टर्मिनलला मला इंग्रजीत 100 पैकी 11 मार्क पडले.

माझ्या खोलीतला एक मित्र माझ्यापेक्षा हुशार होता, निदान गणितात. पेपर वाईट गेले हे त्याचं त्यालाच कळलं होतं. निकाल लागायच्या आधीच, एका शनिवारी त्याने ट्रंक भरली. "सुट्टीला जाऊन येतो," म्हणाला. सुट्टी नव्हती. मला ते ठाऊक होतं. तरी मी त्याच्या ट्रंकेची एक कडी धरून त्याला एस.टी. स्टँडपर्यंत पोचवून आलो आणि कोणाला काही बोललो नाही.

सोमवारी निकाल लागला. इंग्रजीच्या सरांनी मला खोलीवर बोलावलं. मीही वळकटी बांधायच्याच बेतात होतो. सरांनी तीन गोष्टी केल्या. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर इंग्रजीचं एक पान मोठ्याने वाचायला लावलं. मेसची भाजी आणायचं आणि हिशोब ठेवायचं काम मला मिळवून दिलं, त्यात जेवण सुटलं. आणि वडिलांना एक पोस्टकार्ड टाकलं की मुलगा बरा आहे, वर्षभर काही विचारू नका. बस्स. वार्षिक परीक्षेत मी जेमतेम पास झालो. पुढे बी.ए. झालो, शिक्षक झालो.

तीसेक वर्षांनी तो मित्र अचानक एस.टी. स्टँडवरच भेटला. शेती करत होता, बरं चाललं होतं. चहा घेताना सहज म्हणाला, "तुला सरांनी बोलावलं. मला कोणी बोलावलंच नाही रे." त्यात तक्रार नव्हती. पण सर त्याला बोलावणार कसे? तो गेला हे त्यांना माहीतच नव्हतं. माहीत होतं ते मला एकट्याला.

निवृत्तीनंतर आमच्या ओसरीवर पहिल्या वर्षाची चार-सहा पोरं संध्याकाळी बसू लागली. मी त्यांना फार काही शिकवतो असं नाही, त्यांचं गणित नि सायन्स मला कुठलं येणार! पण कोण आला नाही हे मी रोज बघतो. दोन दिवस कोणी दिसला नाही की त्याच्या घरी चक्कर मारतो. इतकंच. बरीचशी टिकली, काही गेलीही.

असो. नातवाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "आजोबा, तुमच्या मित्राला तुम्ही थांबवलं असतं तर थांबला असता?" मी म्हटलं, "माहीत नाही. पण विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गावातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो आता स्वतः इंजिनियर आहे आणि त्याचाही एम-वन दोनदा राहिला होता. दोघं दुपारभर वह्या पसरून बसले. चारही विषय एकदम धरायचे नाहीत, आधी दोन काढायचे असं ठरलं. नातू परत होस्टेलवर गेला आहे. परीक्षा अजून व्हायची आहे, तेव्हा यशाची गोष्ट म्हणून मी हे सांगत नाही. रोज रात्री नऊला त्याचा फोन येतो. कधी दोन मिनिटं, कधी नुसतं "जेवलो आजोबा" एवढंच. आला नाही, तर सव्वानऊला मी करतो.

घरातल्या मंडळींना एवढीच विनंती, की त्याला भेटाल तेव्हा मार्क विचारू नका. "वर्गात जातोस ना? शेजारी कोण बसतं?" एवढं विचारा. आणि तुमच्या ओळखीचं कोणी पोर ट्रंक भरताना दिसलं, तर आधी विचारा, कुठे निघालास.