ठिपक्यापासून विवरांपर्यंत

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि पृथ्वीपासूनचं त्याचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. अंतराला व्यासाने भागलं की उत्तर येतं साधारण ११०. कोजागरीच्या रात्री डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर मसाला दुधाचे पेले बाजूला ठेवून डझनभर मोबाइल वर रोखले जातात आणि बहुतेकांत नुसता पांढरा ठिपका उमटतो, तो या ११० मुळे. भिंगाचं नाभीय अंतर जितकं असेल, त्याच्या एकशेदहाव्या भागाएवढी चंद्राची प्रतिमा फिल्मवर किंवा सेन्सरवर पडते. ५० मिलिमीटरच्या भिंगात ती अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. डोळ्यांना चंद्र चांगला मोठा वाटतो खरा, पण हात लांब करून धरलेला मटारचा एक दाणा त्याला सहज झाकून टाकतो.

चंद्राच्या फोटोचा इतिहास म्हणजे या आकड्याशी झालेली झटापट, आणि ती फोटोग्राफीच्या जन्मापासूनच सुरू आहे. लुई दागेरचं तंत्र १८३९ मध्ये जगापुढे आलं. शास्त्रज्ञ आरागोच्या सांगण्यावरून दागेरने आपली प्लेट चंद्राकडेही वळवली होती, पण हाती आला तो पुसट ठसा. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, न्यूयॉर्कचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी सुमारे इंचभर व्यासाचा ओळखू येण्याजोगा चंद्र प्लेटवर उतरवला. प्लेट मंद, त्यामुळे वीस मिनिटं उजेड द्यावा लागला. एवढ्या वेळात चंद्र आकाशात स्वतःच्या रुंदीच्या दहापट सरकतो. म्हणून त्याच्याबरोबर फिरणारा आरसा वापरावा लागला. पुढे १८५१ मध्ये हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून बाँड आणि व्हिपल यांनी घेतलेला चंद्र लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी कौतुकाने पाहिला. म्हणजे ११० वर पहिला तोडगा निघाला तो दुर्बिणीचा. नाभीय अंतरच काही मीटर करून टाकायचं.

हा तोडगा अर्थातच घरगुती नव्हता. महाराष्ट्रात तो परवडला तो संस्थानिकाच्या देणगीमुळे. भावनगरच्या महाराजांच्या मदतीने प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली आणि तिथे २० इंची ग्रब दुर्बीण बसली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली यंत्रं घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले. तिथल्या छायाचित्रांत चंद्र होता, पण काळी चकती म्हणून. सगळा मान सूर्याच्या प्रभामंडळाचा. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मध्यमवर्गीय कपाटात कॅमेरा आला तो पुष्कळ नंतर, आणि अनेक घरांत तो बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री होता. १२० ची फिल्म, बारा फोटो. सत्तरेक मिलिमीटरच्या भिंगात चंद्र पाऊण मिलिमीटरही भरायचा नाही. मुंज-बारशासाठी जपून ठेवलेल्या रोलमधला एक फोटो त्याच्यावर खर्च करण्याइतकं मोठं मन कुणाचं असणार?

त्यात समजुतीची एक चूक सर्वांचीच. रात्र आहे, म्हणजे उजेड कमी, असं कॅमेराही धरून चालतो आणि कॅमेरावालाही. रात्र आपल्याकडे असते. चंद्रावर त्या वेळी लख्ख ऊन असतं. तो अंगावर पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के परत पाठवणारा काळपट खडक असला, तरी उन्हातला खडक आहे. म्हणून छायाचित्रकारांचा जुना नियम: अॅपर्चर एफ-११ ठेवा आणि आयएसओ जेवढा, तेवढाच शटरचा छेद. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. दुपारी उभ्या पोराचा फोटो काढावा, जवळजवळ तसाच. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो चौकटीतलं काळं आकाश मोजतो, शटर लांबवतो आणि चंद्राचा पेटलेला बल्ब करून ठेवतो. फ्लॅश उडवून चंद्र उजळू पाहणारेही दर कोजागरीला भेटतातच.

खरी कोंडी फोडली ती मात्र कॅमेरा कंपन्यांनी जिथे काटकसर केली होती त्या जागेने. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर नखाएवढा, ६ बाय ४ मिलिमीटरच्या आसपास. सेन्सर लहान, म्हणजे फोटो भुरकट, असं जाणकार नाक मुरडून सांगत. पण चंद्र तीन मिलिमीटरचा पडणार असेल, तर बाकीचा मोठा सेन्सर काळं आकाशच टिपत बसणार. शिवाय लहान सेन्सरला लांब पल्ल्याचं भिंग आटोपशीर होतं. २००० च्या सुमाराला १० पट झूम आणि थरथर सावरणारी यंत्रणा एकाच कॅमेऱ्यात आली. २०१२ मध्ये कॅननच्या एसएक्स-५० ने ५० पटीचा टप्पा गाठला. मार्च २०१५ मध्ये निकॉनने पी-९०० जाहीर केला: ८३ पट झूम, भिंगाचं प्रत्यक्ष नाभीय अंतर ३५७ मिलिमीटर, वजन ९०० ग्रॅमच्या आत. एकशेदहाने भागा. सव्वातीन मिलिमीटरचा चंद्र, साडेचार मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवर. फोटोत त्याचा व्यास दोन हजार पिक्सेलच्या पुढे जातो. सोबत मिळणारं १८-५५ चं भिंग लावलेला महागडा डीएसएलआर तोच चंद्र सव्वाशे पिक्सेलमध्ये गुंडाळतो. पी-९०० च्या मेनूत पक्ष्यांसाठी एक मोड होता आणि चंद्रासाठी एक. तीन वर्षांनी आलेल्या पी-१००० मध्ये झूम १२५ पट झाला. तो पूर्ण ताणला की चंद्र चौकटीच्या वरच्या-खालच्या कडांबाहेर थोडासा जातो.

हे कॅमेरे घेतले जातात पक्ष्यांसाठी, येऊरच्या जंगलासाठी, मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी. चंद्र हा वरकड लाभ. पण ठाणे-कल्याणच्या गच्चीवर तो मिळवायचा तर मेनूपेक्षा कालनिर्णय जास्त कामाला येतं. विवरं दिसतात ती सावल्यांमुळे, आणि पौर्णिमेला चंद्रावर समोरून ऊन पडत असल्याने सावल्याच नसतात. चांगली ती शुक्ल सप्तमी-अष्टमी: उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा कोरल्यासारख्या उठतात. फाल्गुन-चैत्रातल्या शुक्ल अष्टमीला तर सूर्यास्ताच्या सुमारास चंद्र ठाण्याच्या जवळजवळ माथ्यावर असतो. शीळ रस्त्याची धूळ आणि खाडीवरचा दमटपणा तिथे सर्वांत कमी आडवा येतो. गैरसोय एवढीच की स्वस्त ट्रायपॉडचा दांडा पायाला अडतो, डोकं तेवढं मागे कलत नाही, आणि माणसाला लादीवर आडवं व्हावं लागतं. बटण दाबण्यानेही चौकट हलते, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. तोवर चंद्र सरकलेला असतो. पूर्ण झूममध्ये मधोमध धरलेला चंद्र तीनेक मिनिटांत बाहेर जातो. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून गरम हवा उठत असेल तर त्याची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलते. रात्री नऊपेक्षा अकराचा फोटो बरा येतो तो यासाठी.

संकष्टीचा चंद्र वेगळ्याच अडचणीचा. चंद्रोदयाची वेळ गावानुसार छापलेली असते, पण ती क्षितिजाची. समोर २२ मजली टॉवर असेल तर उपास आणि फोटो दोन्ही लांबतात.

सुपरमून म्हटला की वर्तमानपत्रांत ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांचं नाव हमखास येतं. पृथ्वीजवळचा हा पौर्णिमेचा चंद्र दूरच्या पौर्णिमेपेक्षा सुमारे १४ टक्के मोठा असतो. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळणं कठीण. पण एकाच कॅमेऱ्याने, एकाच झूमवर काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की तो पट्टीने मोजता येतो, आणि हौशी मंडळींनी एकदा करून पाहावा असा हा खेळ आहे.

डोंगराआडून उगवणारा भलामोठा चंद्र दाखवणारे फोटोही त्याच ११० वर उभे असतात. मलंगगड १५ किलोमीटरवरून पाहिला तर चंद्र त्याच्या सुमारे १३६ मीटर रुंदीच्या भागाएवढा दिसतो. पायथ्याशी गेलं तर सुळका मोठा होतो, चंद्र तेवढाच राहतो. म्हणून मागे, लांब जायचं. कल्याणकरांना मात्र हा योग नाही. कल्याणहून गड जवळजवळ दक्षिणेला पडतो, आणि चंद्र एवढ्या दक्षिणेला कधीच उगवत नाही. मुंब्रा-शीळच्या बाजूने, वैशाख-ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या सुमाराला जुळण्याची आशा धरावी.

मग मोबाइलने डाव टाकला. २०१९ मध्ये ह्वावेच्या पी-३० प्रोमध्ये खास चंद्रासाठी मोड आला, २०२० मध्ये सॅमसंगने शंभरपट झूमची जाहिरात केली, आणि ठिपक्याच्या जागी अचानक विवरं दिसू लागली. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा एक फोटो मुद्दाम १७० पिक्सेलवर आणून पुसट केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला. पडद्यावर नसलेले तपशील फोनने भरून दिले. फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या प्रणालीने तपशील ठळक करतो, हे कंपनीने नंतर स्पष्ट केलं. चंद्राबाबत हे जमतं, कारण तो कायम एकच बाजू आपल्याकडे ठेवतो. एकदा पाठ केला की झालं. अनेक फोटो एकावर एक रचून स्वच्छ प्रतिमा मिळवणं ही गोष्ट निराळी. २०२१ मध्ये पुण्याच्या एका १६ वर्षांच्या मुलाने दुर्बिणीतून पन्नास हजारांहून जास्त फ्रेम टिपून असा रंगीत चंद्र रचला, तेव्हा त्यातला प्रत्येक कण आकाशातून आलेला होता.

मोबाइलनेच पण प्रामाणिक चंद्र हवा असेल तर फोन दुर्बिणीच्या नेत्रिकेला टेकवावा. गंमत अशी की ज्यांच्याकडे दुर्बिणी असतात त्यांना चंद्र नको असतो. बदलापूरच्या पुढे वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन घडवणाऱ्या खगोल मंडळासारख्या संस्था अमावास्येच्या आसपासच्याच रात्री निवडतात. चांदण्यात तेजोमेघ दिसत नाहीत.

वरचं सगळं गणित उलटं होतं ते एकाच प्रसंगी. खग्रास चंद्रग्रहणात चंद्रावरचं ऊनच जातं, तो हजारो पटींनी मंदावतो आणि सेकंद-सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं. तिथे नखाएवढा सेन्सर हार मानतो आणि थोरल्या सेन्सरच्या डीएसएलआरचे दिवस येतात. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री असं ग्रहण आहे. ग्रहणमध्य रात्री १० वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, चंद्र ठाण्याच्या क्षितिजापासून साठेक अंश वर. नववर्षाच्या फटाक्यांचा धूर बाराच्या आधी फारसा उठत नाही, हे त्यात बरं.