माइसेनच्या फुलदाण्यांवरील चीन : द्रव्याचा शोध आणि प्रतिमेची निर्मिती

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सॅक्सनीतील माइसेन येथे घडलेल्या पोर्सेलीनच्या फुलदाण्यांत चीनचे अनुकरण दोन पातळ्यांवर झालेले दिसते : एक द्रव्याचे, दुसरे प्रतिमेचे. या दोन अनुकरणांचे स्वरूप मात्र मूलतः भिन्न आहे.

पोलंडचा राजा आणि सॅक्सनीचा इलेक्टर दुसरा ऑगस्टस याला पौर्वात्य पोर्सेलीनचा विलक्षण हव्यास होता. १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाकडून १५१ चिनी पात्रे मिळवण्यासाठी त्याने आपले ६०० सैनिक दिले. तत्पूर्वी, १७०८ मध्ये, त्याच्याच कैदेतील किमयागार योहान फ्रीडरिश ब्योटगर याने शास्त्रज्ञ चिर्नहाउसबरोबर केलेल्या प्रयोगांतून कठीण, शुभ्र पोर्सेलीनचे रहस्य उलगडले होते. १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. द्रव्याच्या अनुकरणाला भट्टीची कसोटी होती. मिश्रणाचे प्रमाण चुकले किंवा उष्णता कमी पडली, तर पात्र सिद्धच होत नसे.

प्रतिमेला अशी कसोटी नव्हती. १७२० मध्ये व्हिएन्नाहून आलेला चित्रकार योहान ग्रेगोरिउस ह्योरोल्ड याने चीन कधीच पाहिला नव्हता. युरोपात चीनचे दृश्यरूप रुजले होते ते प्रामुख्याने प्रवासग्रंथांतून. योहान न्यूहोफच्या १६६५ च्या डच ग्रंथातील कोरीव चित्रे त्यांत विशेष प्रभावी ठरली. छत्रीखाली चहा घेणाऱ्या, झुळझुळीत वस्त्रे ल्यालेल्या ह्योरोल्डच्या आकृती या वाचित चीनच्या रहिवासी आहेत. 'शुल्त्स कोडेक्स' या संग्रहातील सुमारे हजार रेखाटनांवरून कार्यशाळेत त्यांची पुनरावृत्ती होत राहिली. ग्रंथाकडून कोरीव चित्राकडे, तेथून रेखाटनाकडे आणि अखेर पात्राकडे जाताना देश दूर होत गेला आणि संकेत दृढ झाला.

जिंगदेजेन येथील भट्ट्यांचे व कारागिरांच्या श्रमविभागणीचे तपशीलवार वर्णन फ्रेंच धर्मोपदेशक दांत्रकोल याने १७१२ मध्येच पत्राद्वारे युरोपला कळवले होते. शिन्वाझरी शैलीतील निवांत उद्यानांत मात्र त्या श्रमव्यवस्थेचा प्रत्यय येत नाही. ज्यांच्या कौशल्याशी स्पर्धा होती, ते कुंभार चित्राबाहेरच राहिले.

म्हणून येथे केवळ 'प्रभाव' ही संज्ञा अपुरी पडते. सुरुवातीच्या काही पात्रांच्या तळाशी चिनी अक्षरांचा आभास देणाऱ्या निरर्थक खुणा आढळतात. पुढे राजासाठी घडवलेल्या फुलदाण्यांवर त्याची आद्याक्षरे आली. चीनची लिपी वाचली न जाताच बाजूला झाली आणि पात्राच्या तळाशी स्वामित्वाची मुद्रा उरली.