दोरा बांधलेली मिरची

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव देवीचे नाव धारण करीत असले, तरी पंचक्रोशीबाहेरच्या माणसास ते ठाऊक असते ते हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे. हंगामात येथे वजनकाटे लागतात, पोत्यांच्या थप्प्या चढतात आणि परप्रांतांकडे जाणाऱ्या मालमोटारी भरून निघतात. ज्या फळावर या पेठेची सारी भिस्त, ते मूळचे या मुलखाचे नव्हेच. सांची आणि भारहूत येथील शिलालेखांत ज्या नगराच्या दात्यांची भोगवर्धनकर म्हणून नोंद झाली, त्या भोकरदनच्या वैभवकाळी मिरचीचा कोणास पत्ताही नव्हता. ती आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून.

निजामाच्या अमलात, आणि तो अंमल येथे सप्टेंबर 1948 पर्यंत चालला, बियाणे ही सहसा दुकानातून आणण्याची वस्तू नव्हती. मळणीपूर्वी टपोरी कणसे निवडून ती आढ्याला टांगावीत, लाल झालेली मिरची वाळवून तिचे बी राखेत घोळून गाडग्यात जपावे, आणि हे सारे घरातील वडीलधाऱ्या बाईच्या नजरेखाली व्हावे, अशी वहिवाट होती. या वहिवाटीच्या आठवणीने गहिवरणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्यांच्या पंक्तीला बसवत नाही. कारण दुष्काळ पडला की राखून ठेवलेली ज्वारी जात्यात जाई, आणि मृगाच्या तोंडावर त्याच कुणब्यास सावकाराच्या कणगीतून सवाई-दिढीने बियाणे उचलावे लागे. मण घेतला तर सुगीस सव्वा किंवा दीड मण मोजून देणे आले.

या व्यवहाराचे रूप पालटले ते जालन्यातून. ‘जालना, सोन्याचा पालना’ अशी ज्या गावाची ख्याती, तेथील बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या जागतिक कृषिप्रदर्शनातून प्रेरणा घेऊन पुसा सावनी या सुधारित भेंडीचे बी आपल्या शेतात वाढविण्यास आरंभ केला, आणि 1964 साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘महिको’, स्थापन केली. त्याच वर्षी ज्वारीचा सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. पुढील वर्षी बाजरीचा एचबी-1 आला. 1966 साली बियाण्यांचा कायदा झाला. 1970 साली सुरतेच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-4 हा संकरित कापूस सिद्ध केला. मराठवाड्यात ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीचेच नाव होऊन बसला, इतका तो अंगवळणी पडला. बारवाले यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

संकराची विद्या अर्थातच जालन्यात जन्मली नाही. डब्लिनजवळच्या ग्लासनेविन उद्यानात अमेरिकेतील दलदलीच्या दोन घटपर्णी, एक पिवळ्या आणि एक पांढऱ्या घटांची, यांचा संकर करण्यात आला आणि ती संतती 1874 साली फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनात मांडली गेली. असल्या किडेखाऊ वनस्पतींचे शौकीन आजही त्यांचे बी काही आठवडे गारव्यात ठेवून रुजवितात आणि रोप वयात येण्याची चार-पाच वर्षे वाट पाहतात. संकरिताच्या पोटचे बी पेरले की प्रत्येक रोपाचा घट निराळा निघतो, कोणात आजीचा रंग, कोणात आज्याचा बांधा, आणि या वैचित्र्यातच त्यांचा सारा आनंद. परंतु निसर्गाचा हाच नियम शेतकऱ्याच्या शिवारात येतो तेव्हा तो आनंदाचा राहत नाही. संकरित मिरचीचे बी राखून पुढल्या वर्षी लावावे, तर झाडे एकसारखी येत नाहीत, फळांत मेळ राहत नाही, आणि बाजारात एकसारख्या मालासच भाव असतो. म्हणून गाडगे रिकामे झाले आणि दरसाल दुकानाची पायरी चढणे आले. सावकाराची दिढी गेली, पुडीची किंमत आली. दोहोंत पुडी बरी, असे माझे मत आहे. पण गाडग्याबरोबर बी पारखणारी नजरही घरातून गेली, हा तोटा कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

ती नजर अजून एका ठिकाणी कामाला लागते. जालना जिल्ह्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या बाजूस शेडनेटखाली मिरची-टोमॅटोच्या संकरित बियाण्याचे प्लॉट असतात. तेथे बहुधा बायाच मादी झाडाची कळी उमलण्यापूर्वी चिमट्याने उघडतात, पुंकेसर नेमके काढून टाकतात, नर झाडाच्या फुलातील पराग स्त्रीकेसराच्या टोकास लावतात, आणि खूण म्हणून देठास रंगीत दोरा बांधतात. हाताला घाई झाली तर कळी मोडते, उशीर झाला तर ती स्वतःच्याच परागाने फळते, आणि अशा एका फळाचे बी साऱ्या मालास भेसळ लावते. म्हणून तोडणीच्या दिवशी पहिल्याने देठ पाहतात. ज्या मिरचीला दोरा नाही, ती बियाण्यात धरीत नाहीत.