आभासी आकाशातले ढग खरे वाटण्यासाठी

ढगांतून खाली उतरणारे विमान, काचेवर पाऊस आणि धावपट्टीचे दिवे केव्हा दिसतात याची प्रतीक्षा. उड्डाणाच्या संगणकीय खेळाची खरी रंगत या दोन-तीन मिनिटांतच असते. उपकरणांच्या साह्याने उतरण्याच्या पहिल्या श्रेणीच्या पद्धतीत साधारण 200 फुटांवर येईपर्यंत धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यावे लागते. दुर्दैव असे, की संगणक नेमका याच वेळी धापा टाकू लागतो. चित्र अडखळते, विमान आज्ञा उशिरा ऐकते आणि उतरणे हुकते. ढगांची मांडणी करताना या क्षणाचा विचार आधी करावयास हवा. सुंदर छायाचित्राचा नंतर.

मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ ऑक्टोबर 2006 मध्ये बाजारात आला. तो घडविणारा स्टुडिओ जानेवारी 2009 मध्ये बंद झाला. परंतु या सिम्युलेटरसाठी निघालेल्या पूरक आज्ञावलींमुळे त्याचे आकाश पुढेही बदलत राहिले. ‘अॅक्टिव्ह स्काय’ आणि ‘रेक्स’ ही त्यांतली दोन ठळक नावे.

ढग म्हणजे चित्रांचा ढीग

या सिम्युलेटरमधला ढग हा घन पदार्थ नव्हे. अर्धपारदर्शक चौकोनी चित्रे एकमेकांवर रचून तो उभा केला जातो आणि प्रत्येक चित्र सतत पाहणाऱ्याकडे तोंड करून असते. ही पद्धत 2003 च्या आवृत्तीत आली. तेव्हा अवघ्या 16 मूळ चित्रांच्या मिश्रणातून नाना प्रकारचे ढग तयार होत आणि एकेका ढगात पाचपासून चारशेपर्यंत चौकोन असत. चौकोन पारदर्शक असल्याने पडद्यावरचा एकच बिंदू ग्राफिक कार्डाला पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. ढग दूर असेल तर हे काम थोडक्यात आटोपते. विमान ढगात शिरले, की तेच चौकोन सारा पडदा व्यापतात. अडखळण्याचे मूळ येथे आहे.

म्हणून सिम्युलेटरच्या हवामान विभागातील सर्व कळा उजवीकडे सरकवून ठेवणे शहाणपणाचे नाही. ‘सिंपल’ऐवजी ‘डिटेल्ड क्लाउड्स’ निवडावेत, यात शंका नाही. घनता मध्यम किंवा त्याच्या वरच्या पायरीवर पुरते. ढग किती दूरपर्यंत रेखाटायचे याची मर्यादा 60 ते 110 मैल ठेवता येते. कोकण किनाऱ्यावर जुलैत उडणाऱ्याला धुरकट हवेत शंभर मैलांवरचा ढग दिसणारच नाही. त्यासाठी कार्डाला का राबवावे? उन्हाळी निरभ्र दिवशी 35 हजार फुटांवरून जाताना मात्र 60 मैलांवर ढगांचे शेत कापल्यासारखे संपलेले डोळ्यांना खुपते. तेव्हा मर्यादा वाढवावी. पारदर्शक चित्रांच्या कडा गुळगुळीत करणारे आठपट सुपरसॅम्पलिंग ग्राफिक कार्डाच्या नियंत्रकातून लावले असेल, तर ते आधी उतरवावे. दाट ढगांत त्याच्याइतके महाग दुसरे काही नाही.

आकाश कोठून येते?

पूरक आज्ञावली दोन जातींच्या असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली जात ढग कोठे, किती आणि कोणत्या उंचीवर ठेवायचे हे ठरवते. ‘अॅक्टिव्ह स्काय’ हे तिचे उदाहरण. दुसरी जात ढगाचे चित्र बदलते. ‘रेक्स’ची ख्याती मुख्यतः त्यासाठी. आकाश खोटे वाटते तेव्हा लोक नवी चित्रे बसवितात, पण दोष बहुधा पहिल्या बाजूस असतो.

हवामानाचा आधार असतो विमानतळांचे ‘मेटार’ अहवाल. मुंबईचा अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो. आकाशाचे आठ भाग कल्पून एक-दोन भाग झाकले असल्यास ‘फ्यू’, तीन-चार असल्यास ‘स्कॅटर्ड’, पाच ते सात असल्यास ‘ब्रोकन’ आणि पूर्ण आठ असल्यास ‘ओव्हरकास्ट’ अशी नोंद होते. ढगाचा तळ कळतो, माथा कळत नाही. गडगडाटी ढग व उंच वाढलेले क्युम्युलस सोडले, तर प्रकारही कळत नाही. दृश्यता 10 किलोमीटरपलीकडे कितीही असली, तरी अहवालात 9999 एवढेच येते. उरलेले सारे आज्ञावलीला अंदाजाने भरावे लागते आणि तिच्यातील पर्याय म्हणजे या अंदाजावरचा आपला लगाम.

पावसाळ्यात मुंबईच्या अहवालात 1,200 व 1,800 फुटांवर विखुरलेले ढग, 2,500 फुटांवर थोडे गडगडाटी आणि 8,000 फुटांवर संपूर्ण आच्छादन असे चार थर एकाच वेळी असू शकतात. थरांची कमाल संख्या एकावर आणली, तर चित्र वेगाने हलेल. पण ज्यासाठी खटाटोप केला तो पावसाळाच हरवेल. तीन थर हा पटण्याजोगा समझोता आहे. वरच्या दृश्यतेची मर्यादा ऋतूप्रमाणे बदलावी. वाऱ्यातील बदल सौम्य करणारा पर्याय सुरूच ठेवावा. सिम्युलेटरची स्वतःची हवामान बदलण्याची गती मात्र शून्यावर न्यावी. अन्यथा एका आकाशाचे दोन मालक होतात आणि ढग डोळ्यांदेखत नाहीसे होतात.

मोठ्या चित्रांचा मोह

चित्रसंच 512 पासून 4096 बिंदूंपर्यंत मिळतात. बाजू दुप्पट झाली, की क्षेत्र चौपट होते. 4096 चे चित्र 512 च्या 64 पट असते. संकुचित केलेल्या डीएक्सटी-5 प्रकारात त्याला सुमारे 16 मेगाबाइट लागतात, 32 बिटच्या असंकुचित प्रकारात 64. हा सिम्युलेटर 32 बिटचा असल्याने त्याला चार गिगाबाइटपलीकडे स्मृती वापरता येत नाही आणि लांबच्या प्रवासाअखेर, मोठ्या विमानतळाजवळ, तो ‘मेमरी संपली’ म्हणून बंद पडतो. ढग मुळातच धूसर असल्याने 1024 चा डीएक्सटी-5 संच घरगुती पडद्यास पुरेसा आहे. त्याहून मोठा हवाच असेल, तर ‘एफएसएक्स डॉट सीएफजी’ या फाइलमधील ‘टेक्स्चर मॅक्स लोड’चा आकडा 1024 वरून 2048 करावा लागतो. चित्रविषयक पर्यायांना पुन्हा हात लावला, की सिम्युलेटर तो गुपचूप 1024 करतो. अनेकांची मोठी चित्रे त्यामुळे कधी दिसलेलीच नसतात! नवा संच बसविण्यापूर्वी मुख्य ‘टेक्स्चर’ फोल्डरची प्रत काढून ठेवावी.

चाचणी थेट हवामानावर घेऊ नये, कारण ते दर तासाला वेगळे असते. सिम्युलेटरमधील ‘मेजर थंडरस्टॉर्म’ हे तयार हवामान निवडून धावपट्टीकडे येतानाचे एक उड्डाण जतन करावे, शिफ्ट आणि झेड दाबून चित्रांची गती पाहावी आणि एका वेळी एकच पर्याय बदलावा. जमिनीवर उभे असताना दिसणारा आकडा येथे कामाचा नाही.

मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरपासून आणि 2022 च्या ‘एक्स-प्लेन 12’पासून ढग खरोखर घन स्वरूपात रेखाटले जातात. तेथे वरील चित्रसंच चालत नाहीत. ढगांच्या दर्जाचा पर्याय सिम्युलेटरमध्येच असतो आणि त्याचा भार मुख्यतः ग्राफिक कार्डावर पडतो.