मातीतले नाणे आणि चिंचेचा कोळ

हैदराबादच्या आबिड्स भागात रविवारी बहुतेक दुकानांच्या फळ्या मिटलेल्या असतात आणि त्यांच्यापुढील पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार मांडलेला असतो. या भागाला ज्याचे नाव मिळाले तो अल्बर्ट आबिद हा आर्मेनियन गृहस्थ सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी होता. त्याचे दुकान गेले, निजामशाहीही गेली; नाव मात्र उरले. जुन्या वस्तूंच्या अशा बाजारांतून हिंडणाऱ्या माणसाच्या तळहातावर एखादे दिवशी एक काळपट, हिरवट चकती येते. ती घरी नेल्यावर पहिला विचार मनात येतो तो एकच: हिला चिंच लावून लख्ख करावी. देवघरातील ताम्हन-पळी पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने उजळली जाते. मग नाण्यालाच वेगळा न्याय का? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे दख्खनच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाचा दरवाजा उघडतो.

आरंभ जवळच्या काळापासून करणे बरे. मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन शब्द अजून आढळतात. कलदार म्हणजे इंग्रजी राज्याचा रुपया आणि हाली म्हणजे निजामाच्या टांकसाळीतला. सात हाली रुपये बरोबर सहा कलदार, असा हिशेब औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे. १९५० मध्ये हैदराबाद संस्थानच्या मुलखात भारतीय रुपया आला, तरी हाली नाणी लगेच बाद झाली नाहीत. त्यांचे चलन १९५९ मध्ये संपुष्टात आले. तोपर्यंत किती रुपये गाडग्यांत, कणगीच्या तळाशी आणि भिंतींच्या कोनाड्यांत जाऊन बसले असतील, याची गणती कोणी करावी?

१८५७ पर्यंत निजामाच्या नाण्यांवर दिल्लीच्या मोगल बादशहाचे नाव असे. बादशाही बुडाल्यावर तेथे निजाम-उल-मुल्क आसफजाहचे नाव आले व त्यासोबत ९२ हा आकडा आला. अरबी अक्षरांना संख्या देण्याच्या अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ९२ होते. पुढे १९०३ च्या सुमारास यंत्राने पाडलेला, चारमिनारचे चित्र असलेला रुपया निघाला. त्या चित्रातील कमानीत एक इवलेसे अक्षर आहे. ते ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असेल तर सातवे निजाम उस्मान अली खान यांचे. सारा राज्यबदल त्या एका अक्षरात सामावला आहे. राखेने आणि चिंचेने चार वेळा घासले की सर्वांत आधी झिजते ते हेच बारीक काम. नाणे चकाकते खरे, पण ते कोणाचे हे सांगण्याची त्याची शक्ती क्षीण होते.

हाली रुपयात चांदी सुमारे ८२ टक्के आणि बाकी हीण, मुख्यतः तांबे. म्हणून ओलसर जमिनीत राहिलेला चांदीचा रुपया पुष्कळदा हिरवा होऊन निघतो. चांदीपेक्षा तांबे लवकर विरघळते आणि पृष्ठावर येऊन त्याचे क्षार बनतात. ज्याला हे ठाऊक नाही तो नाणे खोटे समजून टाकून देतो, नाही तर अम्लात बुडवतो.

आता अधिक मागे जावे. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. आबिड्सपासून थोड्याच अंतरावर, सार्वजनिक उद्यानात, १९३१ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात या खात्याने जमविलेली नाणी येऊ लागली. संगारेड्डीजवळच्या कोंडापूर येथे १९४० ते १९४२ या काळात ख्वाजा मुहम्मद अहमद यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहनांची शिशाची, तांब्याची व मिश्र धातूंची नाणी विपुल सापडली. शिवाय नाणी ओतण्याचे मातीचे साचेही मिळाले. या उत्खननाचा वृत्तान्त याझदानींनी पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिराच्या नियतकालिकात १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. नाणे, साचा आणि घराचा पाया ही तिन्ही एकाच जागी सापडली, म्हणूनच तेथे टांकसाळ होती असे म्हणता आले. तीच नाणी बाजारात सुटी मिळाली असती तर त्यांनी यातले काहीच सांगितले नसते.

महाराष्ट्रातील उदाहरण याहूनही बोलके आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. नाणी होती १३,२५०. ती क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविलेली होती. जुना मुखवटा आणि ग्रीक अक्षरे खाली, सातवाहनांची चिन्हे आणि राजाचे नाव वर. नाशिकच्या लेण्यातील बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला असे म्हटले आहेच. पण आईने लेकाची केलेली ती स्तुती अतिशयोक्त आहे असे कोणी म्हणाला असता. या नाण्यांनी त्या शब्दांना साक्ष पुरविली. विजेत्याने पराजिताचा पैसा वितळवून टाकला नाही, त्याच्यावर आपला शिक्का मारून तो पुन्हा बाजारात सोडला. आता कल्पना करावी की हा हंडा ज्यांच्या हाती लागला त्यांनी प्रत्येक नाणे चकचकीत होईपर्यंत घासले असते. वरच्या ठशाखालून डोकावणारी नहपानाच्या नाकाची पुसट रेषा कोठे उरली असती? आणि हंड्यातील नाणी वीस सोनारांकडे वाटली गेली असती तर १३,२५० आणि ९,२७० हे प्रमाण कोणी काढले असते?

याच्या उलट उदाहरण गोदावरीकाठच्या कोटिलिंगालाचे. तेलंगणातील या गावी सातवाहनांपूर्वीच्या स्थानिक राजांची नाणी सापडली आणि ‘छिमुक’ असे नाव असलेलीही सापडली. पुराणांतील वंशावळीत आणि नाणेघाटात ज्याचे नाव येते तो सिमुक हाच असावा, असे पुष्कळ विद्वानांचे मत झाले. सातवाहनांचे मूळ घर महाराष्ट्रात की तेलंगणात, हा वाद त्यामुळे नव्याने पेटला. परंतु यांतील अनेक नाणी शेतांत व नदीकाठी वेचलेली होती. ती कोणत्या थरातली, कोणत्या वस्तूंच्या सोबतीची, हे त्यांच्यापुरते कायमचे हरपले. नाणे हाती आहे, राजाचे नाव आहे. नाही ती फक्त त्याची जागा. आणि त्या एका उणिवेपायी वाद मिटत नाही.

जमिनीतील धातू हुडकणारे यंत्र आले तेव्हापासून ही उणीव वाढण्याची भीती अधिक झाली. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी ग्रॅहम बेल याने असे उपकरण वापरून पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता कोसात्स्की याने सुरुंग शोधण्यासाठी त्याला सुटसुटीत रूप दिले. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की जमिनीतील धातूत प्रतिप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र आवाज देते. ते धातू आहे एवढे सांगते. तो सातवाहनाचा रुपया आहे की सायकलचा तुटका खिळा, हे सांगत नाही. ते जाणण्यासाठी माणूस खणतो आणि खणताना थर मोडतो. मोडलेला थर पुन्हा रचता येत नाही.

कायदा याविषयी मुका नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणणे १९५८ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी केली आहे. पण याच १८७८ च्या कायद्यात एक दोष दडलेला आहे. ठेवा सरकारने स्वतःकडे घ्यावयाचा ठरविला तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक-पंचमांश, एवढीच रक्कम द्यावयाची असते. शिशाच्या नाण्यांच्या धातूची किंमत ती काय असणार? प्रामाणिक शेतकऱ्याने हेलपाटे घालावेत आणि हाती मोडीचा भाव यावा, यापेक्षा गुपचूप सोनाराची मूस त्याला जवळची वाटते. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने ठेव्याचा बाजारभाव देण्याची व्यवस्था बळकट केली आणि पुढील वर्षापासून लहानसहान सापडलेल्या वस्तूंचीही नोंद घेण्याची योजना सुरू केली. १९९२ मध्ये हॉक्स्न येथे हरवलेला हातोडा शोधताना रोमन नाण्यांचा साठा लागला, तेव्हा शोधणाऱ्याने थोडेसे काढून पुढील काम पुरातत्त्वज्ञांवर सोपविले. म्हणून त्या १४ हजारांहून अधिक नाण्यांची मांडणीसुद्धा जशीच्या तशी अभ्यासता आली. लोभाला केवळ धाक पुरत नाही, प्रामाणिकपणाला मोबदलाही लागतो, हा त्यातला बोध.

राहिला प्रश्न स्वच्छतेचा. नाण्यावरचा प्रत्येक थर मळ नव्हे. तांब्यावरील घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर हे त्याचे कवच होय. शतकानुशतके त्यानेच आतील ठसा राखलेला असतो. फिकट हिरवी, पिठासारखी सुटणारी पूड मात्र रोगाची खूण आहे. मातीतील मिठाचे क्लोराइड तांब्यात शिरते, हवा आणि ओल मिळाली की त्यापासून अम्ल बनते आणि ते धातू आतून पोखरते. असे नाणे कोरडे ठेवून जाणकाराकडे न्यावे. शिशाच्या नाण्याला चिंच, लिंबू, शिरका यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. लाकडी पेटीतून निघणाऱ्या अम्ल वाफेनेसुद्धा शिसे पांढरे पडून भुसभुशीत होते. सोने बहुधा मातीने बिघडत नाही, त्याला केवळ पाणी पुरते. बर्लिनच्या संग्रहालयाने १८८८ मध्ये फ्रीडरिश राठगेन याला रसायनज्ञ म्हणून नेमले, तेव्हापासून हे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. भारतात लखनौ येथे १९७६ पासून यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे.

सामान्य माणसाने करावयाचे ते थोडेच. सापडल्याची जागा, खोली आणि सोबतच्या वस्तू प्रथम लिहून ठेवाव्यात, छायाचित्र घ्यावे, वजन करावे. सुटी माती शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याने भिजवून मऊ करावी, बांबूच्या काडीने हळूच सोडवावी आणि नाणे पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवावे. एवढ्याने जे निघणार नाही ते तसेच राहू द्यावे.

देवघरातील ताम्हन रोज वापरात असते. त्याचे तेज घासण्यात आहे. नाण्याचा वापर मात्र केव्हाच संपला आहे. त्याच्याकडे आता उरली आहे ती साक्ष, आणि कोणताही शहाणा न्यायाधीश साक्षीदाराचे तोंड धुताना त्याची जीभ छाटत नाही.